मशीनमधला दिवा

आमच्या स्वयंपाकघरात पाण्याचं मशीन बसलं, त्या दिवशी बाबांनी त्याच्यासोबत आलेलं माहितीपुस्तक माझ्या हातात दिलं. म्हणाले, "एवढं इंग्लिश मीडियममधून शिकवलंय, वाच आणि आईला समजावून सांग." मला चार माणसांत बोलता येत नाही, मामी तर मला मुकीच म्हणते, पण वाचून दाखवायला जमतं, कारण ते शब्द आपले नसतात. मी आईला सांगितलं की आत एक दिवा असतो, पाणी त्याच्या शेजारून जातं आणि त्याच्या उजेडानं जंतू मरतात.

"नुसत्या उजेडानं?"

"हो. अल्ट्राव्हायोलेट."

"तू वाचलंयस ना? मग झालं."

आई पापडी गावाजवळच्या वाडीतली. लग्न करून एव्हरशाईन सिटीतल्या फ्लॅटमध्ये आल्यापासून ती टँकरचं पाणी फडक्यातून गाळून रोज सकाळी दोन पातेली उकळायची. माझ्या शब्दावर तिनं ती पातेली माळ्यावर टाकली.

मशीनचा खरा अभिमान बाबांना होता. मामाच्या घरी जाताना ते घरून बाटली भरून न्यायचे आणि ती सगळ्यांसमोर टेबलावर ठेवायचे. मामाच्या वाडीत विहीर आहे, घरात तिचंच पाणी पितात.

"तुमच्या विहिरीत बेडूक आहेत," बाबा म्हणायचे.

"भावोजी, बेडूक जगतो म्हणजे पाणी चांगलं. तुमच्या मशीनमध्ये मरेल बिचारा."

"मरेलच! त्यासाठीच तर घेतलंय."

सगळे हसायचे. आईही हसायची, पण ती माहेरी विहिरीचंच पाणी प्यायची, दोन-दोन ग्लास.

दोनेक वर्षांनी, पावसाळ्याच्या तोंडावर, मशीन शिट्टी वाजवू लागलं आणि पाणी यायचं बंद झालं. दुरुस्तीवाला आला तेव्हा आई बाजारात गेली होती आणि मी घरून काम करत होते. त्यानं झाकण काढून पाहिलं.

"ताई, लॅम्प उडालाय. मागवावा लागेल. तोपर्यंत डायरेक्ट करून देतो. पाणी येईल, पण दिव्यातून नाय जाणार. उकळून प्या. पप्पांना सांगा, विसरू नका."

त्यानं नळी जोडली आणि शिट्टीची वायर काढली. समोरची हिरवी खूण पूर्वीसारखीच पेटलेली होती. मशीनला वीज मिळतेय, एवढंच ती सांगत होती.

बाबा घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आठवड्यात येईल लॅम्प. आईला बोलू नकोस. लगेच पातेली खाली काढेल, आणि तुझ्या मामाला कळलं तर झालंच. आयुष्यभर ऐकवेल मला."

मी बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून माझ्या खोलीतल्या किटलीत माझ्यापुरतं पाणी उकळू लागले. हे वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला. आईनं विचारलं तेव्हा मी घसा दुखतोय म्हणाले. ती रोज सकाळी आल्याचा तुकडा ठेचून किटलीशेजारी ठेवू लागली.

लॅम्प आठवड्यात आला नाही. बाबांनी पुन्हा फोन केला की नाही, मला माहीत नाही; मी विचारलं नाही. ते स्वतः तेच पाणी पीत होते आणि त्यांना काही झालं नव्हतं. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता. गणपतीत आई पाच दिवस माहेरी राहून आली. त्यानंतर महिन्याभरानं, खिडकीत मेथी निवडताना तिचे डोळे पिवळे दिसले. ते पहिल्यांदा मलाच दिसले. मला सगळं दिसतंच.

डॉक्टरांनी कावीळ सांगितली. "घरात फिल्टर आहे?"

"यूव्ही आहे," बाबा म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"मग बाहेर कुठे पाणी प्यायलात का, महिन्याभरात?"

आई अपराध्यासारखी म्हणाली, "गणपतीत. माहेरी. विहिरीचं."

झालं. विहिरीचं असेलही, मी शपथेवर नाही सांगू शकत. पण त्या खोलीतल्या आम्हा तिघांपैकी दोघांना आणखी एक गोष्ट माहीत होती आणि दोघंही गप्प राहिले. आई दवाखान्यात असतानाच बाबांनी नवा लॅम्प बसवून घेतला. ती घरी आली तेव्हा मशीन पुस्तकात लिहिलं होतं तसं चालत होतं.

मामा शहाळी घेऊन भेटायला आला. बाबांनी त्याला दारातच सांगितलं, "तुमच्या बेडकांनी केलं हे." यावेळी कुणी हसलं नाही. मामा शहाळी चपलांच्या कपाटाशेजारी ठेवून गेला. दहा दिवसांनी त्यानं आईच्या फोनवर एक कागद पाठवला. विहिरीचं पाणी तपासून घेतलं होतं. कागद इंग्रजीत होता, म्हणून आईनं तो माझ्यासमोर धरला.

"काय लिहिलंय गं?"

"पिण्यायोग्य आहे."

"नक्की?"

"नक्की. जंतू सापडले नाहीत."

आईनं बाबांकडे पाहिलं. ते पेपरातून मान वर न करता म्हणाले, "रिपोर्ट काय, ओळखीतही मिळतो. आणि आत्ताचं पाणी आत्ताचं, गणपतीतलं गणपतीत."

पुढचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, दोन्ही भाषांत. आईनं फोन उलटा करून ठेवला आणि भात लावायला उठली.

या मे महिन्यात आम्ही मामाकडे गेलो. मामीनं नेहमीसारखे तांब्या-ग्लास आणून ठेवले. आईनं पिशवीतून बाटली काढली, घरून भरून आणलेली. "मला सांगितलंय जपायला," ती मामीकडे न बघता म्हणाली. ज्या घरात ती वाढली, तिथे ती बाटली मांडीवर घेऊन बसली होती. मामा उठून वाडीत गेला. पूर्वी तो भांडायचा तरी.

मी पुढे होऊन आईसाठी भरलेला ग्लास उचलला आणि सगळा प्यायले. पाणी गार होतं आणि त्याला किंचित मातीचा वास होता.

"अगं, नको ना ते!" आई कळवळून म्हणाली. "तुझा घसा आधीच नाजूक."

"मुक्याचं धाडस," मामी म्हणाली आणि माझ्या हातातून रिकामा ग्लास घेऊन आत गेली.