मारुतीला दिलेली कवळी

माझी कवळी सौदी अरेबियातल्या एका माकडाने थोडा वेळ वापरली आहे. हे मीच सांगून टाकते, म्हणजे घरच्यांना तिखटमीठ लावायला जागा उरत नाही.

माझा धाकटा, संजय, राबिघच्या तेलाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. मी त्याच्याकडे राहायला गेले होते. परतायची वेळ आली तेव्हा सुनेने, मेधाने, टूम काढली. खमीस मुशैतच्या पलीकडे डोंगरात जुनं गाव आहे, तिथल्या बायका घराच्या भिंती आतून रंगवतात, ते आईंना दाखवू.

"भिंती बघायला एवढं लांब?" मी म्हटलं. "तुमच्या घरालाही आहेत की."

"आई, ती कला आहे," संजय म्हणाला. "लोक त्या गावावर कविता करतात."

गेलो. गाव चांगलं होतं. उंच दगडी घरं, खिडक्यांभोवती पांढऱ्या गारगोट्या. चढ मात्र असा, की कविता सुचण्याआधी धाप लागावी. नवी कवळी हिरड्यांना टोचत होती, म्हणून काढून रुमालात बांधली आणि पिशवीत टाकली. (कवळी खास करून घेतली होती. नाशिकला गेल्या गेल्या थोरल्याच्या मुलीचा साखरपुडा होता आणि नव्या व्याह्यांपुढे मला बोळक्या तोंडाने बसायचं नव्हतं.)

वळणावर कठड्यावर माकड बसलं होतं. हे थोराड, मानेभोवती करडी आयाळ, चेहरा गंभीर. मी चपला काढल्या.

"आई, काय करताय?" मेधाने विचारलं.

"शनिवार आहे."

"अगं, इथे माकडांना खायला घालायला बंदी आहे," संजय म्हणाला. "दंड होईल."

"खायला कोण घालतंय? नैवेद्य आहे."

पिशवीत गूळ-फुटाणे होते, तेही रुमालातच बांधलेले. मी डोळे मिटले, मारुतीचं नाव घेतलं आणि पुरचुंडी पुढे केली. देवाने ती लगेच घेतली. मला भरून आलं. मग पिशवीत हात घातला, तर गूळ-फुटाणे जागच्या जागी.

"संजय," मी म्हटलं, "दात गेले."

माकड तोवर समोरच्या घराच्या गच्चीवर. त्याने रुमाल फेकला, कवळी उलटसुलट पाहिली आणि तोंडात धरून बसलं. माझ्यापेक्षा त्यालाच बरी बसली होती. खाली लोक फोटो काढायला लागले. मेधाही काढत होती.

"इन्शुरन्ससाठी," ती म्हणाली.

गलबला ऐकून त्या घरातली म्हातारी बाहेर आली. हातात कुंचला आणि हिरव्या रंगाचं भांडं. संजयचं अरबी कारखान्यापुरतं. त्यात कवळी येत नाही.

"आई, आ कर," तो म्हणाला.

मी सगळ्या गावासमोर आ केला. म्हातारीने वाकून आत पाहिलं आणि स्वतःचं तोंड उघडून दाखवलं. तिथेही फारसं काही नव्हतं. मग तिने भांडं उंबऱ्यावर ठेवलं, घरातून रोटी आणली आणि गच्चीकडे भिरकावली. (दंड झाला नाही. बंदी बहुतेक पाहुण्यांना असावी.) रोटी झेलायला माकडाने तोंड उघडलं आणि कवळी सरळ खाली आली. रंगाच्या भांड्यात.

"खलास," म्हातारी म्हणाली आणि बोटांनी ती बाहेर काढली.

तिने घासली, मी घासली, नंतर मेधाने राबिघला घासली. थोडा रंग गेला.

साखरपुड्यात विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, "आजी, तिकडची ती प्रसिद्ध रंगकला पाहिलीत म्हणे. कशी असते हो?"

मी हसून दाखवली.