माघारीआधीची भाऊबीज

पाडव्याच्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर माझा धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन घराबाहेर पडला आणि संध्याकाळी परत आला नाही. तो विधानसभेच्या निवडणुकीत उमेदवार होता. अर्ज मागे घेण्याची मुदत सोमवारी दुपारी तीन वाजता संपणार होती. मध्ये फक्त भाऊबीज होती.

जाताना त्याने मोबाईल घरीच ठेवला. स्वयंपाकघरातल्या फळीवर तो चार्जिंगला लावलेला होता.

आमचं गाव अहिल्यानगर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरड्या भागात आहे. भाऊ पूर्वी नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपमध्ये कामाला होता. नंतर त्याने गावात मोटार वाइंडिंगचं दुकान टाकलं. पाण्याच्या टँकरवरून झालेल्या एका आंदोलनात तो पुढे होता, त्यामुळे आसपासच्या गावांत ओळखीचा झाला. मतदारसंघात दोन मोठ्या आघाड्यांचे दोन उमेदवार होते आणि दोघांच्याही मागे एकेक साखर कारखाना होता. भावाला तिकीट दिलं ते एका तिसऱ्या, छोट्या पक्षाने. त्या पक्षाला स्वतःचं कायमचं चिन्हसुद्धा नव्हतं. भावाने पाण्याची टाकी मागितली होती. ते माघारीनंतर मिळायचं होतं.

तो निवडून येईल असं कोणी म्हणत नव्हतं, तो स्वतःही नाही. पण तो जी मतं घेणार होता ती एका बाजूची कमी होणार होती. त्यामुळे एका बाजूला तो रिंगणात नको होता आणि दुसऱ्या बाजूला तो हवा होता. तो कुठे आहे हे कळणं दोघांच्याही गरजेचं होतं.

आमच्याकडे अशा उमेदवाराला माघारीपर्यंत लपवतात. छाननी झाली की फोन बंद होतो. कोणी विचारलं तर घरचे म्हणतात, पाहुण्यांकडे गेलेत. कार्यकर्ते म्हणतात, सेफ हाय. ठिकाण कोणी विचारत नाही, सांगत नाही आणि फोनवर तर त्याचा विषयही काढत नाही. उमेदवार सोमवारी तीननंतर हार घालून उगवतो. सगळ्यांना हे माहीत असतं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही.

भाऊबीजेला मी नगरहून एसटीने आले, फाट्यावर उतरले आणि वडापच्या जीपने गावात गेले. मी एका वर्तमानपत्राच्या नगर कार्यालयात डेस्कवर नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून भाऊबीज माहेरीच होते. घरात भावजय एकटी होती. मुलांना तिने दोन दिवस आधीच कोपरगावकडे, तिच्या माहेरी पाठवलं होतं. ताटात निरांजन, सुपारी आणि भावाची टोपी तयार होती.

"वन्सं, ओवाळायला उद्यापर्यंत थांबावं लागंल," ती हसत म्हणाली. "तुमचे भाऊ नॉट रिचेबल झाल्यात."

"कुठे ठेवलंय?"

तिने तोंडावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाली, "अध्यक्षांनी नेलंय. मी इचारलं न्हाई. त्यांनी अर्ज भरतानाच बजावलं हुतं, वहिनी, तुमाला जेवढं कमी ठावं तेवढं बरं."

अध्यक्ष म्हणजे भावाच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. मागे जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत त्यांनी एक उमेदवार कोंबड्यांच्या शेडमध्ये ठेवून शेवटपर्यंत टिकवला होता. ती गोष्ट ते सगळ्यांना सांगत.

आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात चुलते आले. ते वडिलांचे चुलतभाऊ. दोन आघाड्यांपैकी एकीकडे त्यांचं बसणं-उठणं होतं. कुठल्या, ते इथे महत्त्वाचं नाही. ते नेहमी वाकून, चप्पल बाहेर काढून घरात येतात.

"कवा आलीस, पोरी?"

"आत्ताच."

"भाऊ दिसत न्हाई ववाळून घ्यायला?"

"पाव्हन्याकडं गेल्यात," भावजय चहा ठेवता ठेवता म्हणाली.

"बरं झालं. मी म्हनलं येकटंच हिंडतंय का काय. दिवस बरे न्हाईत." त्यांनी चहा बशीत ओतला. "लई हुशार पोरगं. पन हुशारी कुटं थांबवायची ती कळाया पायजे. ऊसतोडीच्या टोळ्या आता कारखान्यावर जातील, लोकान्ला पोटाचं पडलंय. त्यात आपली टाकी कोन बघतंय?"

भावजय चहाचं पातेलं विसळू लागली.

"तीनपतोर टायम हाय उद्या," ते उठता उठता म्हणाले. "पाच मिनिटं कमी असताना गेलं तरी घेत्यात." दारात चप्पल घालताना त्यांनी मागे वळून पाहिलं. "मोटारसायकल तेवढी आनून घ्या. फाट्यावर पंक्चरवाल्याकडं दिसली. सणासुदीची चोरीबिरी व्हायची."

ते गेल्यावर भावजयीने कप उचलले आणि तशीच उभी राहिली. भाऊ मोटारसायकलने अध्यक्षांच्या घरी गेला असं ती धरून चालली होती. अध्यक्षांचं गाव फाट्याच्या उलट्या दिशेला आहे.

"तू अध्यक्षांशी बोललीस?" मी विचारलं.

"न्हाई. फोनवर बोलायचं न्हाई ना."

"मग त्यांनी नेलं हे कोणी सांगितलं?"

"वन्सं, दुसरं कोन नेनार?"

डेस्कवर आम्हाला एक सवय लावलेली होती. बातमी आली की विचारायचं, हे पाहिलं कोणी? ऐकलं कोणी, ते नाही. मी तिला कुलूप लावायला सांगितलं. शेजारच्याची रिक्षा घेऊन आम्ही अध्यक्षांच्या घरी गेलो.

अध्यक्ष ओट्यावर आकाशकंदील उतरवत होते. त्यांच्या घरी त्यांची बहीण आली होती आणि त्यांच्या कपाळावर ओला टिळा होता. आम्हाला बघून ते खूष झाले.

"या, ताई! वहिनी, मानलं तुमाला. मी कालधरनं सगळ्यांना सांगतोय, उमेदवाराची बायको असावी तर अशी. पोरांच्या नावानं नवऱ्याला माहेरी पोचवला, कुनाला पत्ता न्हाई."

भावजय म्हणाली, "कुनाला पोचवला?"

अध्यक्षांचे दोन्ही हात कंदिलाला होते. ते त्यांनी खाली आणले नाहीत.

"तुमच्याकडं न्हाईत का?" ती म्हणाली.

"वहिनी, चेष्टा करू नका."

"तुमच्याकडं न्हाईत?"

कंदील त्यांच्या हातून सुटला नाही. त्यांनी तो खाली, पायरीवर नीट ठेवला. मग बायकोला पाणी आणायला सांगितलं आणि आमच्याऐवजी स्वतःच प्यायले. शनिवारी दुपारपासून तिला वाटत होतं तो यांच्याकडे आहे आणि यांना वाटत होतं तो तिच्या माहेरी आहे. कोपरगावला तिच्या भावाला फोन लावला. तो म्हणाला, मुलं इथे आहेत, दाजी आलेलेच नाहीत. आम्हाला वाटलं अध्यक्षांनी कुठंतरी ठेवलेत. त्यानेही कालपासून चार जणांना तसं सांगितलं होतं. लोकांनी विचारलं नव्हतं असं नाही. सगळ्यांना उत्तर मिळालं होतं, सेफ हाय.

अध्यक्षांना घेऊन आम्ही फाट्यावर आलो. पंक्चरचं दुकान उघडं होतं. मोटारसायकल दुकानाच्या मागे, पाण्याच्या हौदाशेजारी उभी होती. सकाळी मी त्याच फाट्यावर उतरले होते. रस्त्यावरून ती दिसत नाही.

दुकानदाराने चावी काढून दिली. "भाऊ ठिवून गेले. म्हनले घरचं कुनी आलं तर दे."

"कोणाबरोबर गेले?"

"पांढरी गाडी हुती. मोठी. आतली मानसं न्हाई बघितली, काचा काळ्या हुत्या."

"ओढून नेलं का?"

"न्हाई न्हाई. सोताच बसले. हसत हुते."

भावजय म्हणाली, "हसत हुते? बघितलं तुमी?"

दुकानदाराने जरा विचार केला. "हसल्यावानी," तो म्हणाला.

रिक्षात ती माझ्या शेजारी बसली होती. तिने माझं मनगट धरलं आणि पोलीस ठाणं येईपर्यंत सोडलं नाही. रस्त्याच्या कडेने टोळ्यांचे संसार बांधून ठेवलेले दिसत होते. पत्रे, पातेली, शेळ्या. टोळीतल्या बायकांपैकी एकदोघींनी भावजयीला ओळखून हात केला. भावजयीनेही हात केला.

ठाण्यात अंमलदाराने आमचं ऐकून घेतलं. तो वाईट वागला नाही. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

"ताई, तुम्ही पेपरात होता. तुम्हाला मी काय सांगू? माघारीपर्यंत उमेदवार हरवलेलाच असतो. गेल्या वेळी एकाची तक्रार घेतली, निम्मं ठाणं कामाला लावलं. गडी सासुरवाडीत पत्ते खेळत होता. वरून मलाच बोलणी बसली."

"आम्ही त्याला लपवलेलं नाही," मी म्हणाले.

"असं सगळेच म्हणतात. म्हणायचंच असतं." तो अध्यक्षांकडे बघून हसला. "आणि हे कोंबड्यांच्या शेडवाले अध्यक्ष तुमच्याबरोबर आहेत. माझा विश्वास कसा बसायचा?"

अध्यक्ष उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. "साहेब, पाया पडतो," ते म्हणाले. "ह्या वेळी खरंच न्हाई माज्याकडं."

अंमलदाराचं हसू गेलं. त्याने नाव, वय आणि अंगावरचे कपडे विचारून घेतले. भावजय म्हणाली, आकाशी शर्ट, पाडव्याला मीच घेतलेला, आणि काळी पँट. त्याने ते कच्च्या कागदावर लिहिलं. रीतसर तक्रार उद्या तीननंतर, असं तो म्हणाला.

त्या रात्री घरातलं कोणी झोपलं नाही. एवढंच त्याबद्दल सांगता येईल.

सोमवारी आम्ही दुपारच्या आधीच तहसील कचेरीसमोर जाऊन उभे राहिलो. रस्त्यावर बांबूचा कठडा बांधलेला होता. त्याच्या आत फक्त उमेदवार आणि त्यांची माणसं जात होती. दोन्ही आघाड्यांचे कार्यकर्ते समोरासमोरच्या हॉटेलांत बसले होते. आमच्या पक्षाची दहा-बारा मुलं हार घेऊन आली होती. त्यांना अजून काही माहीत नव्हतं. त्यांच्यातला एक जण अध्यक्षांना म्हणाला, "काका, औंदा कोंबड्या का शेळ्या?" बाकीचे हसले.

या मुलांना एकच धास्ती होती, की तो येईल आणि अर्ज काढून घेईल. अडीच वाजून गेले तसा एक मुलगा म्हणाला, "आता न्हाई येत. टिकलं आपलं."

भावजय कठड्याला धरून उभी होती. ती त्या मुलाकडे वळली. "येऊ दे त्यांना," ती म्हणाली. "घेऊ दे माघार. दिसू दे फक्त."

मुलगा अध्यक्षांकडे पाहू लागला. अध्यक्षांनी त्याच्या हातातला हार काढून घेतला आणि पिशवीत घातला.

तीनला थोडा वेळ राहिला असताना पांढरी गाडी आली आणि कठड्यापाशी थांबली. काचा काळ्या होत्या. मागचं दार उघडलं आणि भाऊ उतरला. तो एकटाच उतरला. त्याने दार लावलं, कठड्यावरच्या शिपायाला काहीतरी सांगितलं आणि आत चालत गेला. चालताना तो लंगडत नव्हता. आमच्याकडे त्याने पाहिलं, पण थांबला नाही. गाडी वळून निघून गेली. नंबरच्या जागी नव्या गाडीला लावतात तसा कागद होता.

भावजयीने कठडा सोडला आणि ती रस्त्यावरच खाली बसली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती म्हणाली, "शर्ट त्यांचा न्हाई."

तो पिवळसर चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा शर्ट होता. अंगाला ढगळ होता. कोरी घडी मोडलेली दिसत होती.

भाऊ बाहेर आला तेव्हा तीन वाजून गेले होते. वार्ताहर पुढे झाले. त्यांच्यातल्या एकाला मीच बातमी लिहायला शिकवलं होतं. त्याने माझ्याकडे बघून माईक खाली केला, बाकीच्यांनी केला नाही. भाऊ म्हणाला, "घरगुती कारणामुळं मी माघार घेतलेली आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता." एवढं एका दमात म्हणून तो आमच्याकडे आला.

"मोटारसायकल आणली का?" त्याने बायकोला विचारलं.

"आनली," ती म्हणाली.

अध्यक्ष त्याला काही विचारणार होते. भाऊ म्हणाला, "मी आपणहून गेलो होतो." तो कुठे होता, कोणाबरोबर होता याबद्दल त्याने केलेलं हे एकमेव विधान आहे. ठाण्यातही त्याने तेच लिहून दिलं आणि कच्चा कागद तिथेच फाडला गेला.

संध्याकाळी घरी मी त्याला ओवाळलं. भाऊबीज होऊन गेली होती, पण भावजयीने ताट मोडलं नव्हतं. टोपी घालायला त्याने डावा हात वापरला. तो उजव्या हाताने काम करणारा माणूस आहे. मी निरांजन त्याच्या चेहऱ्यासमोर नेलं तेव्हा त्याने डोळे मिटले आणि मी ताट खाली ठेवेपर्यंत उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात माघार घेणाऱ्यांच्या नावांमध्ये त्याचं नाव आलं. मतदान झालं. त्यानेही मत दिलं, त्याच्या बोटाची शाई मी पाहिली. निकालानंतर त्याने दुकान पुन्हा उघडलं. चुलते अधूनमधून येतात आणि चहा घेऊन जातात.

आकाशी शर्ट मिळालेला नाही. चौकड्यांचा शर्ट भावजयीने धुऊन, इस्त्री करून दारामागच्या खुंटीला लावला आहे. तो न्यायला अजून कोणी आलेलं नाही.