दुखेल म्हणणाऱ्या कप्तानबाई

कप्तानबाईंनी मला एकूण एकोणीस इंजेक्शनं दिली. त्यातली चौदा पोटात, मी आठ वर्षांचा असताना कुत्रा चावला तेव्हा. ‘दुखणार नाही’ असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. “दुखते. चारपर्यंत मोज,” एवढंच. माझी आई कळवळून म्हणाली, “बाई, पोराले खोटं तरी सांगा.” त्यावर बाईंचं उत्तर, “आज खोटं सांगतलं तं उद्या तो येईन का माह्याकडे?”

अमरावतीत आमच्या गल्लीत, विहारासमोरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहत. नवीन भाडेकरू विचारत, “कप्तानसाहेब कुठं असतात?” बाई दारातूनच सांगत, “कप्तान मीच हाय. बोला.” एकाहत्तरच्या लढाईत त्या फौजेच्या इस्पितळात नर्स होत्या; कप्तान हा तिथलाच हुद्दा. पण लढाईच्या गोष्टी त्यांनी आम्हाला कधी सांगितल्या नाहीत.

एक गोष्ट सांगितली ती दोन वर्षांपूर्वी, गुडघ्यांमुळे बसमध्ये चढणं बंद झाल्यावर. चांदूर रेल्वे गावापलीकडच्या एका खेड्यातला जवान त्यांच्या वॉर्डात होता. पोटात गोळी. अशा जखमीला प्यायला पाणी देता येत नाही. दोन दिवस तो आपल्या वऱ्हाडीत विनवत राहिला, “बाई, घोटभर पानी दे वो.” बाईंनी सांगितलं, मिळणार नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला.

“त्याच्या घरच्यायले हे सांगाचं रायलं,” त्या म्हणाल्या. “आता गाडी तूच काढ.”

एक्केचाळीस किलोमीटर. घरी त्याची बहीण होती, सत्तरीची. बाई फौजेच्या दवाखान्यातल्या, एवढं कळताच तिने त्यांचे दोन्ही हात धरले.

“पत्र आलं होतं फौजेचं. दवाखान्यात आनला तवाच बेसुद होता, तरास काई झाला नाई, असं. माय मरेपर्यंत तेच मले घडीघडी वाचाले लावे. तुमी तं तेथीच होत्या. खरं व्हय ना वो ते?”

बाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. मी खाली बघितलं.

“खरं हाय,” बाई म्हणाल्या. “बेसुदच होता.”

बहिणीने चहा केला. आम्ही तो प्यायलो. परतताना बाईंनी गाडी थांबवायला सांगितली आणि बाभळीखाली पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. दहा मिनिटं तरी झाली असतील. मी गाडीतून उतरलो नाही.

यंदा फाल्गुनात त्या गेल्या. पोटाचाच आजार होता. गल्लीतल्या आम्ही चौघांनी खांदा दिला. आठवड्याने, बातमी कळल्यावर, जवानाच्या त्या बहिणीचा फोन आला. नंबर मीच देऊन आलो होतो.

“कशा गेल्या वो बाई? लय तरास झाला काय?”

अकरा दिवस मी त्यांच्या खाटेशी बसलो होतो; एकही रात्र त्यांना झोप लागली नव्हती.

“नाही आत्या,” मी म्हणालो. “झोपेतच गेल्या.”