प्रभुभोजनाच्या वेळचा चहा

“सुलोचनाबाई, चहा राहू द्या. बसा खाली.”

मी भाकर हातात घेतली होती आणि बाई नेमक्या स्वयंपाकघराकडे निघाल्या होत्या. “दूध उतू जाईल, पास्टर,” म्हणाल्या आणि गेल्याच.

मी जिंतूरला पाळक आहे. येलदरीला धरणाजवळ आमची छोटी मंडळी आहे, ती सुलोचनाबाईंच्या घरी जमते. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. म्हणजे येशूच्या मरणाची आठवण म्हणून सगळ्यांनी एकाच भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घ्यायचा. त्याआधी कुणाशी वाकडं असेल तर मिटवून यायचं, असा आमचा रिवाज. बाकीचे रविवार बाई शेवटपर्यंत बसायच्या. दूध उतू जायचं ते फक्त ह्या रविवारी.

उपासना संपल्यावर मी सरळ चुलीपाशी गेलो. माझ्या पोटात काही राहत नाही.

“कुणाशी बोलणं बंद हाय?”

बाईंनी आधी चहा गाळून घेतला. मग भिंतीकडे बोट केलं. पलीकडच्या घरात त्यांची थोरली जाऊ, गयाबाई राहते.

“माझी लेक सासर सोडून माघारी आली, तवा ही चारचौघीत म्हणली, आईच्या जिभेनं पोरीचा संसार मोडला. तवापासून मी तिचं तोंड बघत न्हाई. अन् मन साफ नसताना भाकर कशी घेऊ? देवाला फसवू का?”

मला भरून आलं. लोक पोटात राग ठेवून खुशाल हात पुढे करतात. ही बाई स्वतःला उपाशी ठेवत होती. पण उपाशी राहून राग जात नाही, जावेच्या दारात जावं लागतं, हेही मला सांगावं लागलं.

“मग तुमीच जावा की,” बाई म्हणाल्या. “सांगा तिला, सुलोचनानं माफ केलं.”

“मी पाळक हाय, पोस्टमन न्हाई. तुमचं तुमी जायचं. आणि माफ केलं म्हणून सांगत बसू नका, नवं भांडण लागंल.”

डोळे भरले होते तरी बाई हसल्या.

पुढच्या प्रभुभोजनाला त्या जागेवरून हलल्या नाहीत. भाकर घेऊन बराच वेळ रडल्या. आम्ही गीत लांबवलं.

सगळे उठल्यावर मी विचारलं, “गेला होता?”

“गेले. ती मासे साफ करायली होती. मी विळी घेऊन शेजारी बसले. चार मासे मीबी साफ केले. मग ती म्हणली, लेक कशी हाय तुझी?”

“माफी मागितली का तिनं?”

“न्हाई बा. उलट म्हणली, खवलं नीट काढ. पण पास्टर, ती पुन्हा तसंच टोचून बोलली तर?”

“पुन्हा जायचं.”

“अन् परत बोलली तर?”

“परत जायचं.”

“म्हंजी ह्यातून सुटका न्हाई.”

“न्हाई.”

विश्वासात वाढा, असं मी वर्षानुवर्षं सांगत आलोय. ऐकणारे मान डोलावतात आणि मलाही बरं वाटतं. खरोखर वाढणाऱ्या माणसाला मात्र उपदेश ऐकायला फारशी सवड नसते.

बाईंनी पदर खोचला. “मग आत्ताच जाते. आज मासळी लय आलीया, तिच्या एकटीनं व्हायची न्हाई.”

मला निरोप द्यायलासुद्धा थांबल्या नाहीत.