कुसळांची जयंती

कल्पना करा, दोनशे माणसं तुमच्यासमोर उभी आहेत आणि तुम्हाला त्यांना गवत दाखवायचंय. वाघ नाही, धबधबा नाही. गुडघाभर वाढलेलं, पिवळं पडत चाललेलं साधं गवत. निम्म्यांच्या अंगावर इस्त्रीचे कपडे आहेत, काहींना अकराच्या एसटीने बीडला परतायचंय. तुम्हाला लिहिता-वाचता येत नाही, माईक कधी हातात धरलेला नाही. कुठून सुरुवात कराल?

आष्टीकडच्या एका गावातल्या बायनाबाई आठ दिवस ह्याच विचारात होत्या.

वय साठीच्या आसपास. बावीस हंगाम ऊस तोडला, गुडघा गेला तसा कोयता ठेवला आणि शेळ्या राखायला घेतल्या. गावामागच्या माळावर त्यांना जालिंदर गुरुजी भेटले. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गळ्यात दुर्बीण, खिशात वही. कोणतं गवत शेळी आधी खाते, कशात लावे पक्षी अंडी घालतात, छपराला कोणतं टिकतं, हे बाई सांगायच्या आणि गुरुजी लिहून घ्यायचे. अकरा वर्षं हे चाललं. त्यातून गुरुजींचं माळावरचं पुस्तक झालं. पहिली प्रत त्यांनी बाईंच्या हातात ठेवली. बाईंना वाचता येत नसलं तरी कोणतं पान कशाचं, हे चित्रांवरून पाठ आहे.

गुरुजी तीन वर्षांपूर्वी गेले. त्यांची जयंती तालुक्याच्या सभागृहात व्हायला लागली. फोटोला हार, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, सत्कारातच दोन तास. मागच्या वर्षी बाई शेवटच्या रांगेत बसून सगळं ऐकत होत्या. भाषणं संपली, पण गवताचं नाव कोणी काढलं नाही.

बाहेर पडताना त्या गुरुजींच्या मुलीला, यशोधराला म्हणाल्या, "पोरी, ह्यांनी गुरुजी पाह्यले. पर गुरुजी काय पाहत होते, ते कुणीच पाह्यलं न्हाई."

यशोधरा बीडला एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. तिने ते मनावर घेतलं. यंदा जयंती माळावर, ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्याला निघायच्या आधी, आणि माळ दाखवणार बायनाबाई. माजी सरपंच शिवशंकर यांनी मंडपाची जबाबदारी उचलली. "आक्का, तुमी फकस्त उभं राहा," ते म्हणाले. "बाकीचं मी बघतो."

त्यांनी बघितलंही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी बाई शेळ्या घेऊन माळावर पोचल्या, तर जेसीबी चालू. मोठा कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडे आधी जागा खरवडून काढतात. कोणी वाईट मनाने करत नाही, आदरानेच करतात. अर्धा एकर गवत मुळासकट ढिगाऱ्यात पडलं होतं. त्याच्या पुढेच कुसळी गवताचा पट्टा होता. गुरुजींच्या पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण त्याच पट्ट्यावर आहे. तो गेला तर उद्या दाखवायला काहीच उरणार नव्हतं.

बाई मशीनच्या पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या. ड्रायव्हर हनुमानने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आज्जे, शेळ्या तिकडं वळव की."

"कशाला खरवडतोस रे?"

"उद्या गुरुजींची जयंती हाय. सरपंच म्हणले, एक काडी दिसाय नको."

"वाचता येतं का तुला?"

"बारावी झालोय मी."

बाईंनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पुस्तक काढलं, नेमकं पान उघडलं आणि वर दिलं. "मग मशीन बंद कर, अन् मोठ्यानं वाच."

हनुमान आधी भराभर वाचत सुटला, मग हळू झाला. कुसळाच्या बीला पुढे टोक आणि मागे लांब शेपूट असतं, असं त्या पानावर होतं. ओल लागली की शेपटाचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा भरतो. असं फिरत फिरत बी गिरमिटासारखं स्वतःला मातीत गाडून घेतं. शेवटी लिहिलं होतं, 'हे मला बायनाबाईंनी ओल्या तळहातावर दाखवलं.'

हनुमान थांबला. "बायनाबाई म्हंजे तू?"

"मग कोण, ही शेळी?"

त्याने मागच्या ढिगाऱ्याकडे पाहिलं. "म्हंजे मी सकाळपासून पुस्तकातलंच उपटीत होतो," म्हणाला आणि किल्ली काढून खाली उतरला.

तासाभरात शिवशंकर धावत आले. मंडप कुठं घालायचा, पाहुणे कुठं बसवायचे, हे सगळं बोलून झाल्यावर त्यांचा आवाज खाली आला. "आक्का, चुकलंच माझं. पर आता हे बोडकं झालेलं भरून कसं काढायचं?"

बाई त्यांच्या पांढऱ्याशुभ्र पायजम्याकडे बघत राहिल्या. आठ दिवस न सापडलेली सुरुवात त्यांना तिथे सापडली.

"मंडप राहू द्या," त्या म्हणाल्या. "उद्या हाच पायजमा घाला. मोजे बी घाला. लोकरीचे असले तर लईच बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हनुमानने बोडक्या जागेवरची माती कुदळीने भुसभुशीत करून ठेवली होती. बाईंनी माईक घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या मागं या. पायवाट सोडून."

दोनशे माणसं कुसळीत शिरली. बाई वाटेत थांबत होत्या, हा पवना, ही मारवेल, हिच्यावर शेळीचा लई जीव. मागून कुरकुर सुरू झाली.

"मावशी, टोचतंय."

"टोचू द्या. गुरुजींना अकरा वर्षं टोचलंय."

पट्टा ओलांडून सगळे बोडक्या जागेवर आले, तेव्हा पदर, पँटी, मोजे कुसळांनी भरून गेले होते. बाई म्हणाल्या, "बसा आता खाली. ज्यानं त्यानं आपापली कुसळं काढा अन् हितंच टाका. शाल न्हाई, नारळ न्हाई. हाच सत्कार."

माणसं मातीत बसली. एकमेकांच्या कपड्यांवरची कुसळं वेचू लागली. मध्ये बसून यशोधरा वडलांचं ते पान वाचत होती. सगळ्यात जास्त पीक निघालं शिवशंकर यांच्या पायजम्यावर. "सरपंच, तुमच्या एकट्यावर एकरभर पेरणी होईल की," कोणीतरी म्हणालं, आणि ते स्वतःच सगळ्यात मोठ्याने हसले. हनुमान तळहात ओला करून एकेकाला कुसळ फिरताना दाखवत होता. अकराची एसटी गेली. कोणी उठलं नाही. तोडीला निघालेल्या बायका जाता जाता बजावून गेल्या, "आमी येऊस्तोवर राखा बरं हे."

दुपारपर्यंत तीन शाळांनी पुढच्या वर्षीची तारीख विचारली. सभागृहाचं नाव कोणाच्याच तोंडी नव्हतं.

सगळे पांगल्यावर बाई आणि यशोधरा बांधावर टेकल्या. बाईंच्या लुगड्यावर एक कुसळ राहिलं होतं. ते त्यांनी चिमटीत धरलं.

"पोरी, तू शिकलेली हाईस. ओलीनं पीळ सुटतो, उन्हानं भरतो, तेवढं मला कळलं. पर बी आडवं पडू दे न्हाईतर उलटं, शेवटी टोकच मातीत जातं. गुरुजींना मी इचारलं होतं. ते म्हणले शोधून सांगतो, अन् तसेच गेले. ह्याला डोळे न्हाईत, कुणी शिकवलं न्हाई. मग खाली कोणीकडं हाय, हे ह्याला कसं कळतं?"