आडवा लावलेला ट्रॅक्टर

कोंडीराममामा उसाचा ट्रॅक्टर चालवतात. येरमाळा-वाशीच्या बाजूला त्यांची ओळख एकच, रस्ता अडवत नाहीत. मागून हॉर्न आला की चाक मातीत घालणार. ऊसतोडीच्या टोळीतली माणसं चेष्टा करायची, "मामा म्हशीलाबी साईड देतेत."

त्या दिवशी दिवस बुडताना येरमाळ्याच्या अलीकडं एका हवालदारानं त्यांना हात केला. गुटख्याची गाडी पळत येत होती, पोलिसांची जीप तिच्या मागावर. हवालदार म्हणाला, "लाव आडवा."

मामांनी लावला. दोन्ही ट्रॉल्या, रस्ताभर.

गाडीनं ते लांबूनच बघितलं आणि ती शेतातल्या वाटेला वळली. जीप तिच्यामागं. हवालदारही मोटारसायकल काढून त्याच धुळीत शिरला. ट्रॅक्टर काढ म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. सरकारी माणसानं लाव म्हटलंय, तर काढ म्हणायलाही तोच येईल, असं धरून मामा बसून राहिले. इंजिन चालू, दिवे बंद. अंधार पडला.

सोमेश मोटारसायकलवर दुधाचे कॅन घेऊन पलीकडून आला. रोजच्या वेगात, तसाच ट्रॉलीवर आदळला. रोज मामांच्या दारात दूध घालणारा सोमेश.

मामा खाली उतरले नाहीत. दूध वाहत वाहत पुढच्या चाकापर्यंत आलं, त्याच्याकडं बघत राहिले.

पळणारी गाडी सापडली नाही. हवालदारानं नंतर मामांना बाजूला घेऊन समजावलं. आडवा लावला म्हणालास तर तुझ्यावर येईल, माझ्यावरही येईल. बंद पडला म्हण, म्हणजे नशिबावर जाईल. मामांनी तसा जबाब दिला. अंगठा का सही विचारल्यावर मात्र आपल्याला लिहिता येतं की नाही, हे त्यांना पटकन आठवेना.

सोमेश गेल्यापासून दूध त्याची बायको घालते, शिवप्रिया. दारात येते, माप ओतते, जाते. सोमेश मापावर थोडं वरचं घालायचा. तीही घालते. मामा पातेलं धरून उभे राहतात. दूध किती गरम, किती गार, हाताला काही कळत नाही.

काल तिनं माप कॅनमध्येच ठेवलं.

"मामा, ट्रॅक्टर बंद पडला हुता, व्हय?"

आत मामी भाकरी थापत होत्या. थापायचा आवाज थांबला.

"न्हाय," मामा म्हणाले. "चालू हुता. लाव म्हणले, म्या लावला."

"आन् काढ?"

"कुणी म्हणलं न्हाय."

तिनं कॅनमधलं माप हातात घेतलं. मग म्हणाली, "हे पोलीस ठाण्यात चलून सांगताल का?"

"सांगतो."

तिनं माप भरून पातेल्यात ओतलं. वरचं घातलं नाही. मामांनी पातेलं उंबऱ्यात ठेवलं आणि ते पायानं चपला चाचपू लागले.