मिचीताईचे बूट आणि आमची स्टेजं

एकाच बाईबद्दल लोक तेच तेच विचारत राहिले, की उत्तरं संपतात आणि किस्से साचत जातात. मिचीताई जपानची, नाच स्पेनचा, घर अमरावतीत. हे सांगून सांगून माझा जबडा दुखतो. "मग कराटे नाही का येत?" असं विचारणाऱ्याला मी आता सरळ म्हणते, "येते. दाखवू का?" पटकन पांगतात!

नाचाचं नाव फ्लामेंको. खिळे ठोकलेले बूट घालून पाय आपटायचे आणि बाजूला बसलेल्याने टाळ्या धरायच्या. त्या टाळ्या माझ्या. माझ्या भाजीच्या वखारीवर लाकडी माळा आहे, तिथे तिचा क्लास. शाळा मी चौथीत सोडली, पुढचं सगळं माझं मी शिकले. टाळीही तशीच. तिच्या विद्यार्थिनी चुकतात. मी चुकत नाही.

*

तरुणपणी ती स्पेनला शिकायला गेली. तिथले गुरुजी म्हणाले, "पाय चांगले आहेत, पण तू जपानी. तुझ्यात राग कुठून येणार?" जपानात परतली तर घरचे म्हणाले, "हे आपलं नाही." मग स्पेनमध्येच भेटलेल्या आमच्या गावच्या विनायकरावांशी लग्न करून अमरावतीत आली, तर सासूबाई म्हणाल्या, "पाय आपटून काहून चालून राहिली वं?" सासूबाई गेल्या, विनायकराव गेले, ही राहिली.

हे ऐकून मी म्हटलं, "त्या गुरुजीले मे महिन्यात अमरावतीले आण. दुपारी लाइट गेली का राग कुठून येते ते समजते त्याले!"

ती हसली नाही, विचारात पडली. त्यातूनच तिने स्वतःचा नाच बसवला, ‘दुपार’. पाय आपटता आपटता मध्येच एकदम थांबायचं, पंखा बंद पडल्यासारखं. बराच वेळ तसंच उभं राहायचं. मग पुन्हा सुरू.

*

टाळ्यांचा ताप वेगळाच. गणपतीच्या दिवसांत रियाज चालला होता, तर शेजारची मंदा निरांजन घेऊन माळ्यावर हजर! मला म्हणते,

"अक्का, आरती सुरू केली अन् आमाले आवाज नाई देला?"

"आरती नाही माय, नाच आहे."

"मंग परसाद नाई?"

मिचीताईने पर्समधून चिक्की काढून दिली. दुसऱ्या दिवशी चौघी आल्या!

*

मिचीताईचे गुडघे दुखायला लागले, तेव्हा डॉक्टरने तिला विचारलं, "काम काय करता?"

"नाचते."

"ते नाही हो. दिवसभर?"

"दिवसभर."

बिचाऱ्याने एक्स-रे पुन्हा उजेडाला धरला. "ताई, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. नंतर पाय आपटणं कायमचं बंद."

ऑटोत बसल्यावर ती एवढंच बोलली, "अक्का, ‘दुपार’ एकदा पूर्ण झाली पायजे. स्टेजवर, लोकांपुढं. मंग खुशाल कापा म्हणा."

म्हणजे तोवर एकदाही पूर्ण झाली नव्हती? नव्हती! कशी होणार?

*

त्याआधी अमरावतीच्या एका कॉलेजात गॅदरिंग होतं. विदेशी पाहुणी म्हणून पोरांनी स्टेजभर जाड जाजम अंथरलं, वरून गादीसारखं आणखी एक. तिने पाय आपटला. आवाज नाही! कापसात नाचल्यासारखं. ती मध्येच थांबली, नमस्कार करून उतरली.

प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम फार हळुवार नाचतात, नाही?"

मी बुटांची पिशवी उचलली आणि ऑटो बघायला गेले. दमले होते.

*

अंजनगावला जाजम नव्हतं. फळ्या उत्तम वाजत होत्या. ती त्या मधल्या जागेवर येऊन थांबली. मी टाळी थांबवली. सगळीकडे शांत.

आणि पडदेवाल्याने पडदा पाडला!

मी आत जाऊन त्याला धरलं. तो म्हणतो, "आजी, बाई आटपल्या ना? केवढ्या वेळच्या उभ्या होत्या! मले वाटलं, पडद्याचीच वाट पाहून राहिल्या."

*

राहिलं अकोला. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन होतं, म्हणजे हे शेवटचंच. स्टेज लाकडी. जाजम मी स्वतः गुंडाळून ठेवलं. पडदेवाल्याला आधीच दम दिला. मिचीताई बूट घालायला बसली, तर कार्यक्रम ठेवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष वानखडे धावत आले.

"ताई, बूट काढा. स्टेजची पूजा झाली. नारळ फुटला."

मी म्हटलं, "बूट नाही ते, वाद्य आहे तिचं."

"वाद्य पायात असते काय?"

"मंग घुंगरू कुठं बांधतेत रे, कानाले?"

"घुंगराची पूजा झालेली असते, अक्का."

"मंग याची बी कर!"

मीच उचलले ते बूट. सरस्वतीच्या फोटोसमोर ठेवले, दोन्हींवर हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. वानखड्यांनी हात जोडले. झालं! मिचीताई बूट घ्यायला वाकली, तर वानखडे पुन्हा आडवे.

"आता तर पूजा झाली ताई. आता यात पाय कसा घालता?"

मी तिथेच खुर्चीत बसले.

मिचीताईने कुणाला काही विचारलं नाही. बुटांना वाकून नमस्कार केला, जमिनीवर बसून ते पायात चढवले, पट्टे आवळले आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन स्टेजवर गेली. मागून मी, टाळ्यांना.

मध्ये ती थांबली. पडदा हलला नाही. कुणी खोकलं, तेही अर्धवट. मग पुन्हा पाय सुरू झाले, आणि शेवटपर्यंत थांबले नाहीत.

आत आल्यावर ती खुर्चीत कोसळली. पाय सुजून बूट घट्ट बसलेले, पट्टा सुटेना. माझी कंबर वाकत नाही. वानखडे शाल-नारळ घेऊन दारात उभे होते. त्यांनी ते बाजूला ठेवलं, फरशीवर बसले आणि एकेक करून दोन्ही बूट ओढून काढले. बोटांना हळदकुंकू लागलं. दोन हातांत दोन बूट घेऊन ते उठले, आणि नुसते इकडे तिकडे पाहत राहिले.

"ताई, हे... कुठं ठेवू?"

मिचीताईने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

"बाहेर. सगळ्यांच्या चपला हायत ना, तिथं."